फोटो एकानं काढला, नोबेल दुसऱ्यांनी नेलं!

अहो वहिनी, ते पापड राहू द्या उन्हात, इकडे या जरा भिंतीपाशी. ऐकलंत का? परवाच्या मुंजीत काय झालं ते? हो हो, तीच मुंज, जिथे दुसऱ्या पंगतीला मठ्ठा संपला... तर तिथे तो फोटोवाला पोरगा, गळ्यात दोन-दोन कॅमेरे अडकवलेले, सगळ्यांसमोर छाती पुढे काढून म्हणाला, "डिजिटल कॅमेरा कोडॅकनं शोधला." आणि आमचे जावई, एरवी तोंडातून अक्षर न काढणारे, जिलबी हातात धरून हळूच म्हणाले, "कॅमेरा कोडॅकचा. पण आतला डोळा बेल लॅब्सचा." पोरगा बिचारा लेन्सच पुसत बसला! आता जावई न्यू जर्सीत एडिसनला राहतात, तुम्हाला माहीत आहेच. बेल लॅब्सचं ते मरे हिल तिथून गाडीनं अर्ध्या तासावर, गेल्या खेपेला मलाही बाहेरून दाखवलंन् त्यांनी. मला वाटलं होतं पोस्टासारखं काहीतरी असेल. पण आत काय काय चाललं होतं हो! रात्री जेवणं झाल्यावर मी जावयांना सोडलंच नाही, साडेबारापर्यंत बसवलं. सगळं ऐकलं. आणि मला झोप नाही.

तर काय सांगत होते... १९६९ सालची गोष्ट. बेल लॅब्स म्हणजे टेलिफोन कंपनीचं घर, आणि त्या घरातले मोठे साहेब जॅक मॉर्टन. त्यांची लाडकी कोण, तर बबल मेमरी. साबणाचे फुगे नव्हेत हो, चुंबकाचे. त्या एवढ्याएवढ्या चुंबकी बुडबुड्यांत कॉम्प्युटरची माहिती साठवायची. आणि नावडती कोण? सेमीकंडक्टर. त्या खात्याचे प्रमुख विलर्ड बॉइल. नोव्हा स्कोशियाचा माणूस, कॅनडातला. चौदा वर्षांचा होईपर्यंत आईनंच घरी शिकवलेलं. तर मॉर्टनसाहेबांचं एकच पालुपद, बबलवाले बघा केवढं करतायत, तुमचं काय चाललंय? काहीतरी दाखवा, नाहीतर तुमचे पैसे तिकडे वळवतो. सासूनं मोठीचं कौतुक धाकटीच्या देखत करावं, अगदी तसं! (त्या मॉर्टनसाहेबांचा शेवट फार वाईट झाला म्हणे. १९७१ च्या डिसेंबरात खून झाला त्यांचा, जळत्या गाडीत सापडले. नको बाई, सकाळी सकाळी तो विषय.)

तर १७ ऑक्टोबर, शुक्रवार. बॉइलनी आपल्या हाताखालच्या जॉर्ज स्मिथला बोलावलं. दोघं फळ्यासमोर उभे. खडू, फळा आणि गप्पा. आणि तासाभरात, ऐकताय ना, एका तासात सगळं आराखड्यासकट तयार! तेच पुढे सीसीडी झालं, चार्ज-कपल्ड डिव्हाइस. आठवड्याभरात नमुन्यादाखल एक चालतं करूनसुद्धा बघितलं. आणि मी तुमच्याशी तासभर बोलले की आमचे हे खिडकीतून घड्याळ दाखवतात!

आता हे सीसीडी म्हणजे काय, ते जावयांनी मला पहिल्यांदा त्यांच्या भाषेत सांगितलं, तेव्हा मी नुसतीच मान हलवली. मग म्हणाले, "आई, तुमच्या वाड्यात टँकर यायचा ना?" अहो, मग लख्ख समजलं! नळाला पाणी नाही, टँकर बोळाच्या तोंडाशी, आणि आपण बायका तिथपासून मोरीपर्यंत रांग लावून उभ्या. हंडा हिच्याकडून तिच्याकडे, तिच्याकडून पुढचीकडे. जागा कुणी सोडायची नाही, फक्त पाणी पुढे सरकतं. तसंच सिलिकॉनच्या चकतीवर बारीक बारीक खळगे. खरे खळगे नव्हेत, वरच्या पट्टीला विजेचा दाब दिला की खाली तयार होणारे. त्यात विजेचे कण गोळा व्हायचे, शेजारच्या पट्टीचा दाब वाढवला की कण तिकडे ओतले जायचे, मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. रांगेच्या टोकाला एकच मोजणारा बसलेला. तो प्रत्येक हंडा मोजून आकडा लिहितो. पण सांडायचं नाही हं! प्रत्येक हातबदलात हजारातला एक थेंब जरी सांडला, तरी तीनशे हात होईपर्यंत पाव हंडा गेला. खरी कारागिरी म्हणे तिथे होती, न सांडण्यात.

आणि गंमत बघा, हॉलंडात फिलिप्सच्या दोघांनी, सँगस्टर आणि टीअर त्यांची नावं, त्याच सुमाराला असलीच रांग केली होती. नावसुद्धा आग विझवणाऱ्या बादल्यांच्या रांगेवरून ठेवलेलं. कल्पना वाऱ्यावरच असतात हो, ज्याच्या खिडकीत शिरतील त्याच्या. पण त्या बादल्यांमध्ये प्रत्येक खळग्याला वेगळा ट्रान्झिस्टर लागायचा. बॉइल-स्मिथनी तो भानगडीचा भाग काढूनच टाकला.

पण मूळ मुद्दा पुढेच आहे. हे दोघं त्या शुक्रवारी कशासाठी फळ्याशी उभे राहिले होते? मेमरीसाठी! बबलवालीला उत्तर म्हणून. फोटोबिटो नंतरची गोष्ट. आता सिलिकॉनला उजेड लागला की त्यातून कण सुटतात, जास्त उजेड जास्त कण, हे सगळ्यांना ठाऊकच होतं. म्हणजे हंडे भरायला टँकर नको, वरून उजेडाचा पाऊस पडला की आपोआप भरणार, जिथे उजेड तिथे भरलेला, जिथे सावली तिथे रिकामा. मग रांगेनं बाहेर काढा, मोजा, की झालं चित्र! १९७० च्या एप्रिलमध्ये त्यांचा लेख छापून आला तेव्हा उपयोगांच्या यादीत चित्राचा उल्लेख होता, नव्हता असं नाही. पण यादीत, हं. आपण लाडू करताना म्हणतो ना, उरलेल्या पाकात वड्याही होतील. तसा.

वड्या केल्या कुणी? तर मायकेल टॉम्पसेट. इंग्लंडचा माणूस, आधी तिकडे उष्णतेवर चालणाऱ्या कॅमेऱ्याच्या नळ्यांवर काम केलेला. म्हणजे चित्र कसं पकडायचं हे त्याला येत होतं. १९६९ मध्येच बेल लॅब्सला आला. त्याच एप्रिलच्या अंकात दुसरा लेख आहे बघा, "हे खरंच चालतं" असं दाखवणारा. त्यावर अमेलिओ, टॉम्पसेट आणि स्मिथ अशी तीन नावं. आणि १९७१ मध्ये सीसीडीनं चित्र घ्यायच्या पेटंटचा अर्ज गेला, त्यावर नाव एकट्या टॉम्पसेटचं. एकट्याचं! हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कंपनीला कॅमेरा हवाच होता, कारण त्यांच्या डोक्यात तो पिक्चरफोन शिरला होता. फोनवर बोलताना समोरच्याचं तोंड दिसणार! १९७० साली पिट्सबर्गला सुरू केला, महिन्याचे १६० डॉलर, त्यात बोलायला मिळणार अर्धा तास. त्या काळचे १६० डॉलर हो! आणि मला सांगा, अंगात गाऊन, डोक्याला मेंदी, अशा वेळी फोन वाजला तर कोण उचलणार? जेमतेम गिऱ्हाईक मिळालं, बंदच पडला. आज आपण त्याच अवतारात नातवंडांशी व्हिडिओवर बोलतो ती गोष्ट वेगळी. त्या पिक्चरफोनचा कॅमेरा अजून नळीचाच होता. म्हणजे काचेची नळी, आतून इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावर फिरणार. झगझगीत दिव्यावरून असला कॅमेरा फिरवला की मागे शेपूट उमटायचं. जुन्या टीव्हीवर गाण्याच्या कार्यक्रमात पाहिलेलं असेल तुम्ही, तेच. ती पिक्चरफोनची नळी बनवणाऱ्यांत एक यूजीन गॉर्डन. हेही नाव लक्षात ठेवा. किती नावं झाली? असू दे, लग्नाच्या पत्रिकेत याहून जास्त असतात.

आणि मग तो फोटो. टॉम्पसेटनं सीसीडीचा रंगीत कॅमेरा जुळवला आणि समोर कुणाला बसवलं? बायकोला! मार्गारेट तिचं नाव. जानेवारी १९७३ च्या 'इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या मुखपृष्ठावर ती झळकली. जगातला सीसीडीवरचा पहिला रंगीत फोटो, आणि त्यात घरची लक्ष्मी. मला तर तो टॉम्पसेट तिथेच आवडून गेला. आमच्या ह्यांनी नवा कॅमेरा आणला तेव्हा पहिला फोटो कशाचा काढला, ठाऊक आहे? स्कूटरचा.

तर काय सांगत होते... नोबेल! ६ ऑक्टोबर २००९. स्वीडनहून फोन. बॉइल तेव्हा पंचाऐंशीचे, म्हणाले म्हणे की सकाळची कॉफीसुद्धा अजून झाली नाही, डोकं जागेवर यायचंय. फिजिक्सचं अर्धं बक्षीस चार्ल्स काओंना, ते काचेच्या तारेतून उजेड पाठवण्याबद्दल. उरलेल्या अर्ध्यात बॉइल आणि स्मिथ, पाव-पाव. आणि कशाबद्दल? तर नोबेलवाल्यांच्या शब्दांत, प्रतिमा घेणाऱ्या सेमीकंडक्टर सर्किटच्या, म्हणजे सीसीडी सेन्सरच्या शोधाबद्दल. प्रतिमा! आता कळलं का तुम्हाला मी मघाशी पेटंटचं का सांगितलं? नुसतं "सीसीडीच्या शोधाबद्दल" म्हटलं असतं, तर कुणाला ब्र काढता आला नसता. त्या एका शब्दानं आग लागली. टॉम्पसेट उभा राहिला, म्हणाला, प्रतिमा घ्यायचं काम माझं, पेटंट माझ्या नावावर. गॉर्डन तर उघड बोलला की या दोघांचा चित्र घेण्याशी संबंध नाही. आणि स्मिथ म्हणाला, माझ्याकडे कागद आहेत, हे म्हणतात ते खोडून काढणारे. चाळीस वर्षांपूर्वी एका छपराखाली काम केलेली माणसं हो! सत्तरी-ऐंशीची! घर एकत्र होतं तोवर भांड्याला भांडं लागलं नाही, आणि वाटणी झाली तेव्हा प्रत्येकाला आपापली पितळेची परात आठवली.

मला विचाराल तर... नाही, मी मत देणारच. फळ्यावर ज्यांनी मांडलं त्यांचं देणं आहेच, त्यांच्याशिवाय खळगाच नव्हता. पण नोबेल एका विषयात तिघांनाच देतात, आणि एक जागा काओंनी घेतलेली. मग शब्द तरी जपून वापरायचा की नाही? पंगतीत पान कमी असलं तर निदान "चौथ्यानंच रांधलंय" हे मोठ्यानं बोलू नये. अमेरिकेच्या सरकारनं मग टॉम्पसेटला तंत्रज्ञानाचं मोठं पदक दिलं. म्हणजे मीच एकटी असं म्हणत नाहीये.

आणि ते अमेलिओ, आठवतंय ना, एप्रिलच्या लेखातलं पहिलं नाव? गिल अमेलिओ. तो १९७१ मध्ये बेल सोडून कॅलिफोर्नियाला फेअरचाइल्ड कंपनीत गेला. तिथे त्यांनी बाजारात विकायची सीसीडी काढली, शंभर बाय शंभर ठिपक्यांची, म्हणजे एकूण १०,०००. आणि तोच अमेलिओ पुढे कुठे गेला असेल? ॲपलचा प्रमुख झाला! १९९६ मध्ये. वर्ष-दीड वर्षात त्याला घालवलं आणि तो स्टीव्ह जॉब्ज परत आला. आपण ज्या फोनवर फोटो काढतो, त्याचं असं सगळं सोयरंधायरं आहे बघा.

आता कोडॅक. तो फोटोवाला पोरगा तसा अगदीच खोटं नव्हता बोलला. रॉचेस्टरला, कोडॅकच्या कारखान्यात, स्टीव्हन सॅसन नावाचा चोविशीतला मुलगा. साहेबांनी येता-जाता पॅसेजमध्ये सांगितलं, ती फेअरचाइल्डची चिप आली आहे, बघ काही होतं का. अर्ध्या मिनिटाचं बोलणं! पोरानं काय केलं, खालच्या मजल्यावर सुपर-८ चे कॅमेरे बनायचे तिथून टाकाऊ लेन्स आणली, सोळा बॅटऱ्या लावल्या, फोटो साठवायला गाण्याची कॅसेट, आणि निळा डबा असा मोठाच्या मोठा, साडेतीन किलोच्या वर. एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. डिसेंबर १९७५.

पहिला फोटो कुणाचा? पुन्हा बाईचाच! शेजारच्या खोलीत काम करणारी एक टेक्निशियन. तिला म्हणाले, जरा अशी बसशील का? बसली बिचारी. मग कॅसेट काढून टीव्हीला जोडली, तर केस दिसतायत, मागची भिंत दिसतेय, आणि चेहऱ्याच्या जागी नुसती खिचडी! तिनं वाकून पाहिलं, "अजून काम करायला हवं" म्हणाली, आणि निघून गेली. इतकंच! मला तर वाटतं, जगातल्या डिजिटल फोटोवरचा तो पहिला शेरा, आणि अजून कुणी याहून नेमका दिला नाही. चूक काय झाली होती? तारा उलट्या लागलेल्या. काळा म्हणजे चार शून्यं आणि पांढरा म्हणजे चार एक, ते उलटे वाचले तरी तेच राहतात, म्हणून केस आणि भिंत शाबूत. मधल्या करड्या छटांचे आकडे उलटले की भलतीच छटा. आणि माणसाचा चेहरा म्हणजे तर सगळा मधल्या छटांचाच! तारा बदलल्या, चेहरा आला.

मग १९७६ मध्ये पोरगा डबा घेऊन साहेबांच्या मीटिंगा करत फिरला. खोलीतल्यांचाच फोटो काढायचा आणि टीव्हीवर दाखवायचा. आधी सगळे हसले, कौतुक केलं. आणि मग हळूहळू कुणाच्या तरी ध्यानात यायचं की यात फिल्म कुठे आहे? धुलाई कुठे आहे? कागद कुठे आहे? अहो, कोडॅकची चूल ज्याच्यावर पेटायची तेच गायब! म्हणे, टीव्हीवर फोटो कोण बघणार? शंभर वर्षं कागदावरच्या फोटोबद्दल कुणाची तक्रार नाही. आणि गोड शब्दांत, छान आहे हो, पण बाहेर कुठे बोलू नकोस. घरात मुलीनं आंतरजातीय ठरवलं की पहिले आठ दिवस असंच असतं.

त्यात कहर म्हणजे, त्याच कोडॅकमध्ये ब्राइस बेयर म्हणून एक होते. त्यांनी चिपवर रंगांची ठिपक्यांची रांगोळी घातली. अर्धे ठिपके हिरवे, पाव लाल, पाव निळे, कारण आपला डोळा हिरव्यात जास्त बारकावे टिपतो. १९७६ चं पेटंट. आज तुमच्या फोनात बहुतेक तीच रांगोळी आहे. म्हणजे दूधही यांच्याच घरात, विरजणही यांच्याच घरात, आणि ताक मात्र शेजारणीनं घुसळलं! २०१२ च्या जानेवारीत कोडॅक दिवाळखोरीत गेली, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

शेजारीण कोण? सोनी. तिथे काझुओ इवामा. सोनी काढणाऱ्यांतले ते मोरिता, त्यांच्या बहिणीचे यजमान, म्हणजे घरचंच माणूस. १९७३ पासून सीसीडीच्या मागे हात धुऊन लागले. चिपवर धुळीचा कण बसला की चिप वाया, शेकड्यांनी टाकून द्यायच्या, पैसा नुसता वाहून चाललेला. लोक कुजबुजायचे. पण इवामा आपल्या माणसांना सांगायचे, आपली स्पर्धा बाकीच्या इलेक्ट्रॉनिक कंपन्यांशी नाही, कोडॅकशी आहे. १९८० मध्ये त्यांचा सीसीडी कॅमेरा जपानच्या विमानात बसला, उतरताना-चढताना पायलटला दिसतं ते प्रवाशांना दाखवायला. आणि १९८२ मध्ये इवामा गेले. धंदा फळाला आलेला बघायला राहिले नाहीत हो. त्यांच्या थडग्याच्या दगडावर एक सीसीडीची चिप बसवली आहे. हे ऐकलं आणि माझा गळा दाटून आला. जावईसुद्धा गप्प झाले.

आता तुम्ही म्हणाल, आपल्या फोनात सीसीडी असतं का? नसतं! तिथे त्याची धाकटी जाऊ, सीमॉस. ते पुढे नव्वदच्या दशकात एरिक फॉसम यांनी जमवलं, अंतराळयानांचे कॅमेरे हलके करता करता. तिथे हंडे पुढे द्यायचे नाहीत, प्रत्येक घराला स्वतःचा नळ. ते पुन्हा कधीतरी, एवढ्यात पापड वाळून कडकडीत व्हायचे.

फक्त एवढं सांगते आणि जाते. २०१७ मध्ये इंग्लंडच्या राणीच्या नावाचं इंजिनिअरिंगचं बक्षीस जाहीर झालं, चौघांना मिळून. फॉसम, जपानचे तेरानिशी, आणि... श्वास धरा... जॉर्ज स्मिथ आणि मायकेल टॉम्पसेट. दोघं एका यादीत! बॉइल २०११ मध्येच गेलेले.

बरं, तुमचा फोन आहे ना कनवटीला? काढा बघू. त्या मार्गारेटबाईंचा मुखपृष्ठावरचा फोटो शोधा आणि मोठा करून दाखवा मला, माझा चष्मा घरात राहिलाय.